पुढच्या शॉकअपचे सील दोनदा बदलूनही गळत असेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १५० सीसीची, सात वर्षे वापरलेली आणि ४२,००० किलोमीटर चाललेली आपली मोटारसायकल उजव्या बाजूच्या पुढच्या शॉकअपमधून ऑइल गाळू लागली, म्हणून आपण गॅरेजमध्ये सील बदलून घेतले. दोन महिन्यांत गळती पुन्हा सुरू झाली, पुन्हा सील बदलले आणि आता तिसऱ्यांदा पाइपावर तेलकट कडे दिसू लागले आहे. हे काम घरी करता येईल का आणि त्यासाठी काय काय लागेल, असे आपण विचारले आहे.

करता येईल. मी गेली बावीस वर्षे चिपळूणमध्ये मोटारसायकली दुरुस्त करतो आणि ज्यांच्याकडे एक मोकळा रविवार, पान्यांचा बरा संच आणि थोडी चिकाटी आहे अशा अनेकांना हे काम शिकवले आहे. परंतु तिसरे सील विकत आणण्यापूर्वी पहिली दोन का गेली, हे शोधणे अधिक गरजेचे आहे. सील म्हणजे शेवटी एका पातळ ओठाची रबरी कडी असते. त्या ओठाला काहीतरी कापते, घासते किंवा एका अंगाला दाबून धरते, म्हणून ते गळते. आणि ते कारण जागेवर ठेवून नवे सील बसवले, तर ते जुन्याच्याच वाटेने जाते. गर्दीच्या दिवशी दहा गाड्या रांगेत उभ्या असताना कारागिराला पाइपावरून पाऊण तास बोट फिरवत बसणे जमत नाही. घरी काम करणाऱ्याला ते जमते, आणि म्हणूनच आपल्यासारखी केस घरी अधिक चांगली सुटू शकते, असे मला मनापासून वाटते.

आधी आत काय आहे ते पाहू. वरचा चकचकीत क्रोमचा पाइप दोन टींमध्ये, म्हणजे हँडलखालच्या वरच्या आणि खालच्या पकडींमध्ये, घट्ट धरलेला असतो आणि चाकाला जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची बॉटम केस त्याच्यावर वर-खाली सरकते. पाइपाच्या आत लांब स्प्रिंग असते, आणि केसच्या तळाला बोल्टने आवळलेली, बारीक भोके असलेली एक नळी असते. खड्ड्यात चाक आदळले की स्प्रिंग दबते, आणि त्याच वेळी ऑइलला त्या भोकांतून वाट काढावी लागते. त्या अडवणुकीमुळे गाडी उसळ्या मारत राहत नाही. ऑइल कमी झाले तर स्प्रिंग एकटी उरते, आणि कुंभार्ली घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबताच हँडल खाली बुडते व सरळ व्हायला वेळ लावते. त्यापेक्षा वाईट गोष्ट अशी की डिस्क ब्रेकच्या गाडीत गळालेले ऑइल केसवरून ओघळत कॅलिपरपर्यंत, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, आणि तिथून पॅडवर पोहोचते. आपल्या गाडीची डिस्क कोणत्या बाजूला आहे हे आपण लिहिलेले नाही; ती गळणाऱ्या बाजूलाच असेल, तर काम होईपर्यंत गाडी बाहेर काढू नये.

आता पहिला उपाय असा सांगतो की ज्याला अर्धा तास लागतो आणि काहीच सोडावे लागत नाही. गळणाऱ्या शॉकअपचे वरचे डस्ट सील, म्हणजे चिखल अडवणारी बाहेरची रबरी टोपी, चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलक्या हाताने वर सरकवावे. त्याखाली साचलेली माती पुसून घ्यावी. मग जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंदीची पट्टी कापावी, तिच्या टोकाला एका बाजूने छोटासा हूक कातरावा, ती पाइपाला चिकटवून सीलच्या ओठाखाली सरकवावी आणि पाइपाभोवती पूर्ण गोल फिरवून बाहेर ओढावी. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत त्या पट्टीवर बहुधा बारीक रेतीचा काळपट-तांबूस लेप येतो. दोन-तीन वेळा असे करून पाइप पुसावा, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-पंधरा वेळा दाबावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. ओठात अडकलेला कणच गळतीचे कारण असेल, तर ती इथेच थांबते. असे झाले तरी गळून गेलेले ऑइल परत येत नाही, त्यामुळे पुढे सांगितलेली ऑइल बदलण्याची पायरी टाळू नये. आपल्याकडे मात्र तिसरी खेप आहे, म्हणून एवढ्यावर भागेल असे मला वाटत नाही.

खरा शोध पाइपावर घ्यायचा आहे. पाइप रॉकेलने किंवा डिझेलने स्वच्छ पुसावा, उन्हात न्यावा आणि त्यावर वरून खाली, मग आडवे, अंगठ्याचे नख अगदी हळू फिरवावे. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला लागते. खसखशीच्या दाण्याएवढा गंजाचा खड्डा असला तरी नख तिथे किंचित अडखळते. नखाबद्दल खात्री वाटत नसेल तर कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा फिरवावा. खड्ड्याच्या धारदार कडेला त्याचा धागा लगेच अडकतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या पाइपांवर असे खड्डे मी कायम पाहतो, आणि ते बहुतेक पुढच्या बाजूला, जिथे चाकाने उडवलेले खडे लागतात, तिथे असतात. सील प्रत्येक खड्ड्यात आणि प्रत्येक गतिरोधकावर त्या धारेवरून जाते. दोन महिने म्हणजे त्या मानाने बराच काळ टिकले, असे म्हणावे लागेल.

खड्डा सापडला, तर तो कुठे आहे याला फार महत्त्व आहे. डस्ट सीलच्या वर पाइपाभोवती प्लॅस्टिकचा एक बारीक टाय सैलसर बांधावा आणि नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वजनाने जवळच एक फेरी मारावी. टाय सरकून जिथे थांबेल तिथपर्यंत आपले सील खरोखर जाते. अर्थात हे गळती थोडी असेल आणि ब्रेक कोरडा असेल तरच करावे. त्या रेषेच्या वरच्या खड्ड्याची काळजी करण्याचे कारण नाही. रेषेच्या खाली एखाद-दुसराच बारीक खड्डा असेल, तर १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्याची उभी राहिलेली धार मोडावी, खड्डा पेट्रोलने कोरडा-स्वच्छ करावा, दोन भागांचा एपॉक्सी त्यात भरावा, पूर्ण वाळू द्यावा आणि पुन्हा त्याच पेपरने पाइपाशी सपाट करावा. हा उपाय वर्ष-दीड वर्ष टिकलेला मी पाहिला आहे. खड्डे पसरलेले असतील तर मात्र पाइप बदलणे किंवा त्याला हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून घेणे, एवढेच मार्ग उरतात. इथे एक सावधगिरीची सूचना आहे: मडगार्ड किंवा हँडल चकाकावे म्हणून केले जाणारे साधे क्रोमिंग वेगळे आणि हार्ड क्रोम वेगळे. पहिले दिसायला तितकेच सुंदर असते, परंतु शॉकअपच्या पाइपावर ते सोलवटते आणि त्याच्या पापुद्र्यांनी केसही खराब होते. हार्ड क्रोमनंतर मोजून ग्राइंडिंग करणारे दुकान जवळ नसेल, तर सरळ नवा पाइप घ्यावा.

पाइप निर्दोष निघाला, तर तीन शंका उरतात: पाइप वाकलेला आहे, केस झिजली आहे किंवा मागच्या वेळी जोडणी तिरकी झाली आहे.

पाइप वाकल्याचे उघड्या डोळ्यांनी सहसा कळत नाही. तो बाहेर काढल्यावर खिडकीच्या जाड काचेवर लोळवावा आणि खालून प्रकाश दिसतो का ते पाहावे. दिसत असेल तर लेथवाल्याकडे नेऊन व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून वाक नेमका किती आहे ते मोजून घ्यावे. अनेक कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून देणारे लोक आहेत आणि थोडा वाक असेल तर तो निघतोही. तरीही ज्या भागावर चाक आणि हँडल दोन्ही अवलंबून आहे तो पुन्हा वापरायला मी स्वतः तयार होत नाही, आणि पाइपाला कुठे बारीकशी घडी किंवा क्रोमला तडा दिसला तर तो भंगारातच गेला पाहिजे.

केसची झीज ही गोष्ट फार कमी लोक तपासतात. आपल्याकडच्या अनेक १०० ते १५० सीसी गाड्यांच्या शॉकअपमध्ये बदलता येईल असा वेगळा बुश, म्हणजे पाइपाला आधार देणारी व झीज सोसणारी कडी, नसते. केसचे अ‍ॅल्युमिनियमच पाइपाला आधार देते. वर्षानुवर्षे घासून ते भोक पुढे-मागे लांबट होते, पाइप त्यात डुलू लागतो आणि सीलचा ओठ एका अंगाला दबतो व दुसऱ्या अंगाला उघडा पडतो. अशा केसमध्ये कितीही चांगले सील बसवले तरी ते टिकत नाही. तपासण्यासाठी गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, दोन्ही केस खालून धरून पुढे-मागे हलवाव्यात आणि दुसऱ्या कोणाला तरी सीलच्या जागी बोट ठेवायला सांगावे. खटका तिथे लागला तर केस किंवा बुश झिजला आहे. हँडलच्या मुंडक्यापाशी, टीच्या जवळ लागला तर बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यांवर फिरते ते बेअरिंग, ढिले आहेत. या दोन्हींची गल्लत नेहमी होते, आणि बॉल रेसर आवळायचे असताना लोक शॉकअप खोलून बसतात. रॉयल एनफील्डच्या २०२१ नंतरच्या क्लासिक ३५०सारख्या जाड, ४१ मिमी पाइपाच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या जोडीत, बुश वेगळे मिळतात, त्यामुळे तिथे एवढ्यासाठी केस बदलावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मेन स्टँडवर गाडी उभी करून इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि त्यावर जॅक द्यावा, म्हणजे पुढचे चाक काढल्यावर गाडी नाकावर पडणार नाही. सायलेन्सरच्या बेंड पाइपाखाली जॅक कधीही लावू नये. कॅलिपर सोडून तो तारेने किंवा दोरीने वर बांधावा, नळीवर लटकू देऊ नये, आणि डिस्क बाहेर असताना चुकूनही ब्रेक लिव्हर दाबला जाऊ नये म्हणून दोन पॅडमध्ये जाड पुठ्ठा खोचून ठेवावा. मग स्पीडोमीटरची केबल, चाक आणि मडगार्ड काढावे.

यानंतरचा क्रम चुकला की दिवस वाया जातो. केसच्या तळाशी, खालून आत गेलेला एक एलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला बोल्ट, असतो, तोच आतल्या नळीला धरून ठेवतो. बहुतेक लोक आधी वरची टोपी उघडतात, स्प्रिंग काढतात आणि शेवटी या बोल्टकडे वळतात. तेव्हा बोल्टबरोबर आतली नळीही गरगर फिरते आणि बोल्ट काही सुटत नाही. म्हणून शॉकअप अजून टीमध्ये घट्ट असताना, आत स्प्रिंगचा ताण असतानाच, केस हाताने वर दाबून हा बोल्ट पाव ते अर्धा फेरा फक्त सैल करावा. एलन की बोल्टच्या खाचेत पूर्ण ठोकून बसवावी, कारण ती खाच माती भरून बुजलेली असते आणि अर्धवट बसलेली की तिचे कोपरे गोल करून टाकते. खालचा बोल्ट सैल झाला की वरच्या टीचा बोल्ट ढिला करून पाइपाची टोपीही तिथेच थोडी सैल करावी. शॉकअप हातात आल्यावर ती टोपी पकडीत धरून उघडण्याच्या प्रयत्नात पाइपाला दात पडतात. काही गाड्यांत टोपीला आटे नसतात, त्याऐवजी एक बूच आणि त्यावर तारेचे लॉक असते. ते बूच जाड टॉमीने खाली दाबून लॉक काढावे लागते. कोणत्याही प्रकारात आतली स्प्रिंग दबलेली असते, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

पाइप टीच्या वर किती मिलिमीटर आला आहे ते मोजून लिहून ठेवावे आणि मगच खालच्या टीचे बोल्ट सोडून, फिरवत-फिरवत शॉकअप खाली ओढावा. ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात ओतावे, कारण ते वाचता येते. नुसते काळपट असेल तर वयोमान आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियम पेंटसारखी चंदेरी चमक तरंगत असेल तर केस झिजते आहे, आणि वर सांगितलेली शंका खरी ठरते. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, त्यानंतरचे कित्येक महिने मी बुडालेल्या गाड्या खोलत होतो; इंजिन, कार्ब्युरेटर, वायरिंग सगळ्यांनी साफ करून घेतले होते, परंतु शॉकअपकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, आणि त्यांतून निघणारे ऑइल थेट कपातल्या चहासारखे दिसत होते. काही स्प्रिंगा तोवर आतून गंजून खरखरीत झाल्या होत्या. पुरात बुडालेली गाडी कोणाकडे असेल आणि शॉकअप अजून उघडला नसेल, तर त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

डस्ट सील आणि त्याखाली सीलला धरून ठेवणारे तारेचे लॉक काढून, खालचा बोल्ट पूर्ण सोडल्यावर पाइप बाहेर येतो. वेगळे बुश असलेल्या फोर्कमध्ये पाइप झटक्याने बाहेर ओढला की सील त्याच्याबरोबर निघते. बिनबुशाच्या लहान गाड्यांत मात्र सील केसमध्येच राहते आणि ते उचकटावे लागते. इथेच केस खराब होतात. केसच्या काठावर लाकडाचा किंवा जाड चामड्याचा तुकडा ठेवून त्यावर तरफ टेकवावी, टोक सीलच्या ओठाखालीच अडकवावे आणि एकाच ठिकाणी जोर न लावता चारी बाजूंनी थोडे-थोडे उचलावे. स्क्रूड्रायव्हर बसणीच्या, म्हणजे सील बसते त्या जागेच्या, भिंतीला लागून तिथे उभा ओरखडा पडला, तर ऑइल सीलच्या आतून न गळता बाहेरच्या बाजूने गळू लागते. आपल्या गाडीचे सील दोनदा निघाले आहे, म्हणून ही भिंत बोट फिरवून जरूर तपासावी. ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपरने त्याची उठलेली कड मोडावी आणि सील बसवताना बाहेरच्या घेराला सीलंटचा अगदी पातळ हात द्यावा.

नवे सील घेताना जुन्यावरचे तीन आकडे पाहावेत. ते आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगतात. ३१ मिमी पाइपासाठी ते उदाहरणार्थ ३१, ४३ आणि १०.३ असे असतात. सील आणि डस्ट सील दोन्ही, आणि गळत नसलेल्या बाजूचेही, एकाच वेळी बदलावेत. पाइपाच्या वरच्या टोकाची कड धारदार असते. तिच्यावरून जाताना नव्या सीलचा ओठ चिरतो आणि गाडी पहिल्याच दिवशी गळते. म्हणून त्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवावी, तिच्यावर फोर्क ऑइल चोळावे आणि मग सील हळूहळू फिरवत सरकवावे. सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे, म्हणजे खाली, आणि आकडे लिहिलेली बाजू वर राहते. ठोकून बसवण्याच्या अवजारासाठी नळाच्या सामानाच्या दुकानात ४० मिमी पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा मिळतो. हे माप बाहेरचे असते, त्यामुळे तो ४३ मिमीच्या बसणीत सहज उतरतो आणि ३१ मिमीच्या पाइपावर सहज सरकतो. त्याचे टोक काटकोनात कापलेले असावे. मध्ये जुने सील ठेवून त्यावरून ठोकावे, आणि आवाज बदलून टणक झाला व लॉकची खाच पूर्ण दिसू लागली की थांबावे. लॉक खाचेत चारी बाजूंनी बसले आहे याची नखाने खात्री करून घ्यावी.

तळाच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घालावा. तो मिळत नसेल तर जुना गॅसवर लाल होईपर्यंत तापवून थंड करावा, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होते आणि बसते. पाइपात स्प्रिंग आणि टोपी तात्पुरती घालून आतली नळी दाबून धरावी, बोल्टच्या आट्यांना थ्रेडलॉकचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, थेंब लावावा आणि तो मॅन्युअलमधल्या आकड्याने आवळावा. ८ मिमीच्या बोल्टला तो साधारण २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या केसला यापेक्षा जास्त जोर सोसत नाही.

ऑइलबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. अनेक ठिकाणी उरलेले इंजिन ऑइलच शॉकअपमध्ये ओततात. गाडी त्यानेही चालते, परंतु ते दाट असते, त्यामुळे लहान लहान खड्ड्यांचे धक्के मनगटापर्यंत येतात, आणि जोरात हलल्यावर त्याला फेस धरतो. फोर्क ऑइलमध्ये फेस मोडणारी द्रव्ये असतात आणि ते त्या बारीक भोकांसाठीच बनवलेले असते. डब्यावरच्या १०डब्ल्यू, १५डब्ल्यू या आकड्यांवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये: १०डब्ल्यू लिहिलेल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या ऑइलचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला तिशीच्या आतपासून चाळिशीच्या पुढेपर्यंत सेंटिस्टोक असू शकतो. म्हणून दोन्ही पायांत, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही शॉकअपमध्ये, एकाच डब्यातले ऑइल घालावे, आणि गाडीच्या कंपनीचे मिळत असेल तर तेच घ्यावे.

किती घालायचे, हा आकडा आपल्या नेमक्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. गळलेल्या पायातून जेवढे निघाले तेवढे परत घालणे चुकीचे आहे, हे उघडच आहे. "थोडे जास्त असले तर बरे" ही समजूत मात्र त्याहून घातक आहे. ऑइलच्या वर पाइपात राहिलेली हवा दबून दुसऱ्या स्प्रिंगचे काम करते. आतून २५ मिमी व्यासाच्या पाइपात १० मिलिलिटर ऑइल जादा पडले, तर पातळी तब्बल २ सेंटिमीटर वर येते आणि हवेची जागा तेवढी आखडते. मग मोठ्या खड्ड्यात शॉकअप शेवटी दगडासारखा कडक होतो आणि दाब सीलवर येतो. मागच्या दोन वेळी अंदाजाने भरले गेले असेल, तर आपल्या सीलच्या अल्पायुष्याचे तेही एक कारण असू शकते. औषधाच्या दुकानात ५० मिलिलिटरची सिरिंज मिळते, तिने मोजून घालावे. पाइप हळूहळू वर-खाली करून आतली हवा काढावी, दहा मिनिटे थांबावे, स्प्रिंग बाहेर आणि पाइप पूर्ण खाली दाबलेला असताना काठापासून ऑइलपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि दोन्ही पायांत ते तंतोतंत सारखे करावे. स्प्रिंगच्या जवळजवळच्या वेटोळ्यांची बाजू काढताना जशी होती तशीच आत जाऊ द्यावी.

जोडणीच्या वेळी घाई करणारा माणूस सगळ्या मेहनतीवर पाणी ओततो. दोन्ही पाइप लिहून ठेवलेल्या उंचीवर आणून आधी खालच्या टीचे बोल्ट आवळावेत, मग टोपी, मग वरची टी. चाक आणि मडगार्ड घालावे, कॅलिपर बसवावा, परंतु अ‍ॅक्सलचा नट फक्त टेकवावा आणि मडगार्डचे बोल्ट सैलच ठेवावेत. ब्रेक लिव्हर पॅड डिस्कला भिडेपर्यंत मारावा, जॅक काढून गाडी जमिनीवर घ्यावी, पुढचा ब्रेक धरून हँडल आठ-दहा वेळा खाली दाबावे, म्हणजे दोन्ही पाय आपोआप एकमेकांना समांतर होतात, आणि त्यानंतरच अ‍ॅक्सल, तो खालून पकडणारा बोल्ट असेल तर तो, आणि शेवटी मडगार्ड या क्रमाने सगळे आवळावे. लहान गाड्यांत मडगार्डचा पत्राच दोन्ही पायांना बांधून ठेवतो. तो ओढून-ताणून आवळला तर दोन्ही केस आत खेचल्या जातात आणि सील सतत एका बाजूला घासत राहते. पाइप निर्दोष, केस घट्ट आणि तरीही सील दोनदा गेले, अशा गाड्यांमध्ये मला बहुतेक वेळा मडगार्डचे बोल्ट सोडताच केस टणकन बाहेर उडी मारताना दिसली आहे. म्हणून आपण काम सुरू कराल तेव्हा हेच चार बोल्ट सर्वांत आधी सैल करून पाहा आणि काय होते ते लक्षात ठेवा.

रबराचे गेटर, म्हणजे पाइप झाकणारी घडीदार आवरणे, बसवावेत का, असेही आपण शेवटी विचारले आहे. खडे आणि चिखल अडवायला ते उत्तम आहेत. परंतु पावसाळ्यात आत ओल साचून राहते आणि पाइप झाकलेल्या जागी गंजू लागतो. पंधरा दिवसांनी ते वर सरकवून पाइप कोरडा पुसण्याची आणि त्यावर ऑइलचा पुसट हात फिरवण्याची तयारी असेल तरच बसवावेत. काढलेले जुने ऑइल गटारात न ओतता बाटलीत भरून, जुने इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

काम झाल्यावर पहिली फेरी गल्लीतच मारावी आणि ब्रेक दोन-तीनदा हळू लावून पाहावेत. डिस्कवर कुठे ऑइलचे बोट लागले असेल तर ती ब्रेक क्लीनरने पुसावी. पॅड ऑइलने भिजले असतील तर ते बदलावेत, घासून किंवा जाळून पुन्हा वापरू नयेत. ५० किलोमीटरनंतर दोन्ही पाइप बोटाने पुसून पाहावेत: नव्या सीलमधून येणारा, बोट जेमतेम ओले करणारा पातळ थर दोन्हीकडे सारखा असेल तर तो योग्यच आहे, कारण ओठाला तेवढे वंगण लागते. उजव्या पाइपावर पुन्हा कडे जमले, तर ते कडे पाइपाच्या पुढच्या अंगाला जाड आहे की मागच्या, की एकाच उभ्या रेषेत, हे पाहून मला कळवा. पुढच्या किंवा मागच्या एकाच अंगाला असेल तर मी केसकडे पाहायला सांगेन आणि एकाच उभ्या रेषेत असेल तर पुन्हा पाइपाकडे.